त्या मुलीला आधी बोलवा

पत्र

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. नोकरीला २२ वर्षं झाली. यंदा टीवायबीएच्या ८४ मुलांना अंतर्गत गुणांसाठी ‘आपल्या परिसरातील ग्रामीण पतपुरवठा’ हा प्रकल्प दिला होता. आलेले गठ्ठे वाचायला घेतले आणि अवाक झाले. निम्म्याहून जास्त प्रकल्पांची भाषा एकच. ‘शाश्वत विकास’, ‘बहुआयामी दृष्टिकोन’, ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’. एका मुलाने तर चॅटजीपीटीची शेवटची ओळसुद्धा पुसली नव्हती: ‘हवे असल्यास मी हा मजकूर अधिक सोप्या भाषेत देऊ शकतो.’

प्राचार्यांनी नुकतंच एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलंय. सगळे प्रकल्प त्यात घातले. सर्वांत जास्त, ८१ टक्के, निघाले ते माझ्या वर्गातल्या सर्वांत मेहनती मुलीचे. ती तांड्यावरची आहे, आईवडील ऊसतोडीला जातात, शिक्षण आश्रमशाळेत झालं. विचारलं तर रडायलाच लागली. ‘मॅडम, मी स्वतः लिहिलंय,’ एवढंच म्हणत राहिली. ज्याने ती ओळ पुसली नव्हती त्याचे मात्र ३४ टक्केच आले! तिने मुकादमाकडून घेतल्या जाणाऱ्या उचलीवर दोन पानं लिहिली आहेत. पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला फार आवडली होती. आता ती तरी खरी की खोटी, कळेनासं झालंय.

प्राचार्य म्हणतात, पन्नास टक्क्यांच्या वर गेलेल्यांना शून्य द्या. सीएचबीवरचा, म्हणजे तासाच्या पैशांवर शिकवणारा, तरुण सहकारी म्हणतो, ‘मॅडम, सगळ्यांना सरसकट गुण द्या, नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायलीला प्रकल्प लागतात, वाचतं कोण?’ मुलं म्हणतात, आयआयटीच्या सरांची व्याख्यानं मोबाइलवर फुकट आहेत. मग माझं काम काय उरलं, असं हल्ली रात्री मनात येतं. निवृत्तीला अजून १२ वर्षं आहेत. या वयात मी हे चॅटजीपीटी शिकू का?

– एक प्राध्यापिका

उत्तर

प्रिय मॅडम,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत. त्यातला उद्यावर टाकता येणार नाही असा एकच आहे, त्या मुलीचा. म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

तिला बोलवा. स्टाफरूममध्ये नको, तिथे चार कान असतात. वर्ग सुटल्यावर बाकावर बसून बोला. उचलीची ती दोन पानं समोर ठेवा आणि विचारा: उचल एका माणसाच्या नावावर मिळते की कोयत्याच्या, म्हणजे जोडप्याच्या हिशोबाने? हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेल्या पैशांचं काय होतं? आजारपणात खाडा पडला तर किती कापतात, आणि तो हिशोब लिहून कोण ठेवतं? चौकशी म्हणून विचारू नका, समजून घ्यायचं आहे म्हणून विचारा. कारण तुम्हा-आम्हाला खरोखरच यातलं तिच्याइतकं ठाऊक नाही. दहा मिनिटांत उलगडा होईल. माझा अंदाज विचाराल तर तो तुम्हाला आधीच झालेला आहे. पानं आवडली तेव्हा ८१चा आकडा आलेला नव्हता. बावीस वर्षं उत्तरपत्रिका वाचलेल्या बाईची ती दाद होती. एका टक्केवारीसाठी ती मागे घेऊ नका.

तिने नीट उत्तरं दिली, तर तिला स्पष्ट शब्दांत सांगा की संशय घेतला त्याबद्दल वाईट वाटतं, आणि तिचा प्रकल्प जसा आहे तसा स्वीकारला आहे. मोघम ‘बरं, बघू’ म्हणून सोडू नका. मुलं अशा ‘बघू’चा अर्थ वर्षभर लावत बसतात.

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल. ते काय मोजतं हे एकदा कळलं की आकड्याचा धाक वाटत नाही. चॅटजीपीटीसारखी यंत्रं पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत लिहितात. ओळखणारी यंत्रं बहुतेक करून तोच हिशोब उलट्या बाजूने करतात: या मजकुरातले शब्द किती अपेक्षित आहेत, वाक्यं किती एका मापाची आहेत. सगळं सरळ, नेटकं, ठरावीक असेल तर टक्का चढतो. मला सांगा, सरळ, नेटकी, ठरावीक मराठी कोण लिहितं? जिच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात आणि जिने प्रमाण मराठी आश्रमशाळेत पाठ्यपुस्तकाच्या धड्यांतून कमावली, ती मुलगी. आणि आपला पुसायला विसरलेला गडी? त्याने बहुधा मध्ये मध्ये स्वतःची चार वाकडीतिकडी वाक्यं घातली असतील, म्हणून ३४वर सुटला. (सोप्या भाषेत देतो म्हणत होतं, तर घेतलं का नाहीस, असं त्याला माझ्यातर्फे जरूर विचारा.)

हा माझा नुसता तर्क नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा माणसांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या यंत्रांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयने लिहिलेले ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असं एक ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं होतं. अचूकता कमी पडते म्हणून जुलैत ते बंद केलं. जो स्वयंपाक करतो त्यालाच आपलं मीठ ओळखता येईना! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय ओळखण्याची सोय वापरणं थांबवलं. त्यांनी मांडलेला हिशोब तुमच्या प्राचार्यांना दाखवण्यासारखा आहे. शंभरात एकच चूक होते, हा कंपनीचा दावा खरा धरला तरी विद्यापीठाने एका वर्षात तपासलेल्या ७५ हजार पेपरांपैकी सुमारे ७५० पेपरांवर विनाकारण शिक्का बसला असता. आणि हे सगळं इंग्रजीबद्दल, ज्या भाषेवर या यंत्रांचा सर्वांत जास्त सराव झालेला आहे.

प्राचार्यांचं ‘पन्नासच्या वर शून्य’ कुठून आलं असेल, तेही मला दिसतंय. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याची नियमावली काढली, तिच्यात टक्क्यांच्या पायऱ्या आहेत: १० पर्यंत चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर देता येत नाही, त्याच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पीएच.डी.च्या निमित्ताने आपल्याकडे सगळ्यांना हे आकडे पाठ झालेत. पण ते टक्के साम्याचे आहेत. अमुक वाक्यं तमुक ठिकाणी जशीच्या तशी आहेत, हे तिथे शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतं. एआयच्या टक्क्याला असा पुरावा नसतो, तो निव्वळ अंदाज असतो. दुसरं म्हणजे, ती नियमावली पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या लेखनासाठी आणि प्रकाशनांसाठी आहे. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका हे सगळं तिने स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. म्हणजे टीवायच्या प्रकल्पाला तिच्या आधाराने शून्य देता येत नाही. उद्या एखादा पालक तक्रार घेऊन आला, तर हातात काही उरणार नाही. हे प्राचार्यांना एकट्यात, शांतपणे सांगा. त्यांनी घेतलेलं सॉफ्टवेअर फुकट गेलं, असं म्हणू नका. साम्य तपासायची सोय त्यात असेल, तर एमएच्या प्रबंधिकांना ती उपयोगी पडेल, असं म्हणा. माणसाला मागे यायला वाट ठेवावी लागते.

घाईने आणलेल्या यंत्रणेचं काय होतं, हे आपल्या राज्याने पाहिलेलं आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. पण तयारी अपुरी होती, निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी धडपडणारी मुलं ताटकळली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. तुमच्या कॉलेजात सत्राच्या मध्येच सॉफ्टवेअर येतं आणि पहिल्याच फेरीला शिक्षा ठरतात, ही त्याच जातीची घाई आहे.

आता बाकीचे प्रकल्प. इथे मी सहकाऱ्याच्याही बाजूने नाही. त्याच्यावर रागावू नका. सीएचबीवर तासाचे पैसे मिळतात, गठ्ठे वाचण्याचे मिळत नाहीत, आणि तो जे बोलला ते बऱ्याच स्टाफरूममध्ये मनातल्या मनात बोललं जातं. पण सरसकट गुण दिले तर ज्यांनी गावातल्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीच्या सचिवाला गाठून, वडिलांना विचारून चार पानं लिहिली, त्यांना तुम्ही काय सांगणार?

आणि थोडं मागे जाऊन आठवा. हे काही चॅटजीपीटीने सुरू केलेलं नाही. ते आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याच्या कितीतरी आधीपासून कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचे प्रकल्प मिळत होते, नाव बदलून, स्पायरल बाइंडिंग करून. विज्ञान शाखेतली जर्नलं सीनियरच्या जर्नलवरून उतरवली जात होती. आपल्याला ते माहीत होतं आणि आपण सही करत होतो. घरून लिहून आणलेला कागद हा शिकल्याचा पुरावा आहे, ही समजूत तेव्हाही कच्चीच होती. फरक एवढाच की पूर्वी नक्कल करायला निदान हात दुखायचे, आता तेही नाही, आणि नकलेला भाषाही चांगली मिळते.

त्यामुळे ‘पुढच्या वेळी हस्तलिखितच आणा’ असं फर्मान काढू नका. मोबाइल समोर ठेवून तोच मजकूर बॉलपेनने उतरवतील. ‘टाइप केलेलंच हवं’ हाही हट्ट नको. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या शंभरातल्या चार-पाच घरांतच संगणक होता. त्यानंतर फोन घराघरांत पोहोचले, पण चाळीस पानं फोनवर टाइप करणं म्हणजे शिक्षा. ते काम पुन्हा झेरॉक्सच्या दुकानातच जातं, आणि दुकानदार हल्ली नुसता टाइप करून थांबेल याची खात्री नाही.

विषय बदला. राग मानू नका, पण ‘आपल्या परिसरातील ग्रामीण पतपुरवठा’ या नावातला ‘परिसर’ कुठेच पकडता येत नाही. कुठल्याही तालुक्यावर तेच लिहिता येतं. नाबार्डची स्थापना, बचत गटांचं महत्त्व, पीक कर्जाच्या अडचणी, आणि निष्कर्ष. हे चॅटजीपीटी मिनिटभरात लिहितं, गाइडही लिहीत होतं. त्याऐवजी एकच कर्ज द्या. प्रत्येकाने खरं घेतलेलं एक कर्ज निवडायचं आणि त्याचा प्रवास लिहायचा: कुणाकडून, कशासाठी, किती व्याजाने, फेडलं कसं. तुमच्या भागातल्या प्रत्येक घराला सोसायटीचं कर्ज मार्चअखेर नवं-जुनं करणं ठाऊक आहे. जुनं कर्ज भरल्याचं दाखवायला चार दिवसांसाठी पैसे कुठून तरी आणायचे, नवं मंजूर झालं की ते परत करायचे, आणि त्या चार दिवसांचं व्याज वेगळं. कागदावर कर्जदार नियमित, प्रत्यक्षात मुद्दल तसंच. अर्थशास्त्राच्या किती संकल्पना या एका गोष्टीत आहेत! पाठ्यपुस्तकात ही गोष्ट क्वचितच सापडते, तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाला मात्र ती तोंडपाठ असते. ज्याला कर्ज नको त्याने बाजार समितीतली सोयाबीनची एक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आणावी. हमाली, तोलाई, प्रत्येक कपात समजावून सांगावी, हातात आलेला भाव आणि त्या वर्षीचा हमीभाव यांचं अंतर काढावं.

एक काळजी मात्र घ्या. कर्ज ही आपल्याकडे लाजेची गोष्ट आहे, आणि काही घरांत त्याहून भयंकर आठवणींची. स्वतःच्याच घराचं लिहा, अशी सक्ती नको. शेजाऱ्याचं चालेल, मामाचं चालेल, नाव बदललेलं असावं. वर्गात जाहीर वाचन तर अजिबात नको.

आणि लेखी कागदाला थोडे गुण, तोंडीला जास्त. दहा गुण असतील तर तीन आणि सात. लगेच म्हणाल, ८४ मुलांची तोंडी कोण घेणार? हिशोब करा. प्रत्येकी चार मिनिटं धरली तर ३३६ मिनिटं. ४८ मिनिटांचा एक तास, म्हणजे सात तास. धांदल धरून आठ. दोन-तीन आठवड्यांत होऊन जातं, आणि एवढे प्रकल्प घरी नेऊन डोळे फोडण्यात याहून कमी वेळ जात नव्हता. तोंडी चालू असताना बाकीच्यांना वर्गातच बसून अर्ध्या पानाचं काहीतरी लिहायला द्या. मुलाला तीनच प्रश्न विचारायचे: हे तुला कुणाकडून कळलं, यातलं कशाचं नवल वाटलं, आणि व्याजदर दोन टक्क्यांनी वाढला असता तर या घराने काय केलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला अडखळलं तरी चालेल. पहिल्याला अडखळला तर समजायचं.

या वर्षीचे प्रकल्प गुण न देता परत करा. वर्गात सांगा की कुणी कसं लिहिलं याची चौकशी करणार नाही, पण यावर गुणही देणार नाही. दोन आठवड्यांत एका कर्जाची दोन पानं आणा. त्या मुलीचं आणि खरोखर फिरून लिहिलेल्या आणखी जे कुणी असतील त्यांचं पहिलंच काम धरा, त्यांनी फक्त तोंडी द्यावी. वर्ग कुरकुर करेल, करू दे. एआय वापरलं तर काय, असं विचारतील. वापरा, पण कशासाठी वापरलं ते शेवटी एका ओळीत लिहा, असं सांगा. शुद्धलेखन तपासलं, इंग्रजी लेखाचा अर्थ विचारला, यात गैर काही नाही. तुमच्या विभागाने हा नियम अर्ध्या पानात लिहून सत्राच्या सुरुवातीलाच लावला, तर कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या, फायलीलाही एक कागद मिळेल. सहकारीसुद्धा खूश.

आता तुमचा रात्रीचा प्रश्न.

आयआयटीच्या सरांची व्याख्यानं फुकट आहेत, हे खरंच आहे, आणि चांगलं आहे. आयआयटींचा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम एनपीटेल २००३ पासून चालू आहे, ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल जुलै २०१७ मध्ये आलं. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करून त्यांचे क्रेडिट घेता येतात. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. पण यामुळे वर्ग ओस पडतील ही भविष्यवाणी पहिल्यांदा ऐकतोय असं नाही. २०११ च्या अखेरीस स्टॅनफर्डमधल्या एआयच्या एका अभ्यासक्रमाला जगभरातून दीड लाखावर लोकांनी नाव नोंदवलं. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच सुरू झाले. विद्यापीठांचे दिवस भरले, असं मोठमोठे लोक बोलू लागले. प्रत्यक्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे फार थोडे निघाले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने २०१३ मध्ये युडॅसिटी कंपनीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन वर्ग चालवले. उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण इतकं घसरलं की सहा-सात महिन्यांतच प्रयोगाला विराम द्यावा लागला. जी मुलं आधीच गणितात कच्ची होती, तीच जास्त बुडाली. एडएक्सचं पुढे काय झालं? २०२१ मध्ये टूयू नावाच्या कंपनीने ते ८० कोटी डॉलरला घेतलं, आणि २०२४ च्या जुलैत त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

याउलट जे टिकले त्यांनी काय केलं ते बघा. एनपीटेलचं सगळं शिकवणं मोबाइलवर आहे, पण प्रमाणपत्र हवं असेल तर शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, आणि १०० पैकी ७५ गुण तिचे असतात. घरून सोडवलेल्या असाइनमेंटना २५. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली, तिच्याही परीक्षा केंद्रावर होतात. तंत्रज्ञान ज्यांच्या हाडीमासी आहे, त्या माणसांचा घरून आलेल्या कागदावर एवढाच विश्वास. आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ तर १९८९ सालचं. मोबाइल नव्हता तेव्हा पोस्टाने पुस्तकं पाठवून शिकवायचं त्यांनी ठरवलं, पण अभ्यासकेंद्रं आणि संपर्क सत्रं ठेवलीच. दूरवरच्या मुलालाही अधूनमधून समोर कुणीतरी लागतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

तेव्हा उत्तम व्याख्यान देणं हेच आपलं काम, असं इतकी वर्षं आपण धरून चाललो, तिथे गडबड आहे. ते काम आयआयटीचे सर करू शकतात, आणि पुन्हा पुन्हा ऐकवू शकतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान चालणाऱ्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती. जिथे मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, एकमेकांशी बोलायला लावलं जात होतं, तिथे २१.८ टक्के. अर्थशास्त्र त्यात नव्हतं, पण तुमचा अनुभव वेगळा असेल असं मला वाटत नाही.

मुलांना ‘व्हिडिओ बघून या’ असं मोघम सांगितलं तर कुणी बघणार नाही. अर्ध्या तासाचं इंग्रजी व्याख्यान तुम्ही आधी बघा, त्यातली बारा मिनिटं निवडा, कुठून कुठपर्यंत ते फळ्यावर लिहा, अडणारे पाच-सहा शब्द मराठीत द्या. दुसऱ्या दिवशीचा तास त्यावरच्या एका गणितासाठी किंवा एका वादासाठी ठेवा. पहिल्या आठवड्यात दहा मुलं बघून येतील. त्या दहांनाच धरून तास घ्या, न बघितलेल्यांसाठी पुन्हा सुरुवातीपासून सांगत बसू नका. कॉलेजात एनपीटेलचं लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक केंद्र, नसेल तर त्याची चौकशी करा. असेल तर दोन-चार हुशार मुलांना एखादा अभ्यासक्रम नोंदवायला लावा आणि त्यांच्या मागे तुम्ही लागा. नोंदणी फुकट असते, परीक्षेला शुल्क पडतं. बारा आठवडे दर आठवड्याची असाइनमेंट वेळेत भरायची, हे एकट्या मुलाला जमत नाही. ‘काय रे, कालची भरलीस का?’ असं विचारणारं माणूस कुठल्याही पोर्टलवर मिळत नाही. तुम्हाला हे काम फार हलकं वाटेल. पण ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटतात ते बहुतेक इथेच.

राहिला शेवटचा. चॅटजीपीटी शिका. अठ्ठेचाळीस-पन्नास हे काही वय नाही, आणि क्लास लावायची गरज नाही. साधा वापर फुकट आहे, मराठीत विचारता येतं. पहिल्यांदा त्याला तुमच्या तालुक्यातल्या सोसायट्यांच्या थकबाकीबद्दल विचारा. कधी ते माहिती नाही म्हणेल, कधी छातीठोकपणे आकडे देईल. आकडे दिले तर कुठून आणलेस म्हणून विचारा, आणि ते खरेच आहेत का हे जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या अहवालात शोधायचं काम वर्गाला द्या. तुमच्या दोन तासांच्या भाषणाने जे पटणार नाही, ते मुलांना अशाने पटेल.

दुसऱ्या दिवशी तुमची मागच्या तीन वर्षांची प्रश्नपत्रिका त्याला सोडवायला द्या आणि नेहमीच्या हाताने, लाल पेनने तपासा. ज्या प्रश्नांत ते पहिल्या वर्गात पास होतं, ते यापुढे घरून लिहून आणायला देऊ नका. वर्गात, समोर बसवून विचारायचे असतील तर विचारा. उरलेले प्रश्न, जिथे ते अडखळलं किंवा गोल गोल फिरलं, ते या सदराकडे पाठवाल का? बऱ्याच गावच्या प्राध्यापकांची साधारण अशीच पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही ते हवे असतील.